सामायिक वायफायवरून कार्यालयाचे व्हीपीएन चालत नसेल तर

म्हापसा किंवा पर्वरीतील ज्या घरांत घरमालक आणि भाडेकरू एकाच राउटरवर काम करतात, तेथे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित दुवा, जोडले गेले नाही, तर प्रथम मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावे. त्यावर ते चालले, तर लॅपटॉप आणि खाते ठीक असून दोष घरच्या नेटवर्कमध्ये आहे, असे धरता येते.

व्हीपीएन जोडलेले दिसते, पण कार्यालयातील फाइल उघडत नाही, ही तक्रार नवख्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. याचे कारण पुष्कळदा आयपी पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला मिळणाऱ्या क्रमांकांची, टक्कर हे असते: घरचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत असेल आणि कार्यालयातही तीच मालिका असेल, तर लॅपटॉप कार्यालयाचा सर्व्हर घरातच शोधत राहतो. अशा वेळी घरमालकांच्या संमतीने राउटरची मालिका १९२.१६८.७३ अशी वेगळी करून घ्यावी. मात्र त्यानंतर सर्वांची उपकरणे पुन्हा जोडावी लागू शकतात, हे त्यांना आधीच सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

केवळ मोठ्या फाइलीच अडकत असतील, तर व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा (पॅकेटचा) कमाल आकार, १४०० बाइटपर्यंत उतरवून पाहता येतो. कंपनीच्या लॅपटॉपवर हा बदल आयटी विभागाकडूनच करून घ्यावा आणि त्यांना कळवताना पडद्यावरील त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्यावा.