ट्रॅक्टर दुरुस्त झाला, पण आरसी कुणाच्या नावावर?

प्रश्न : वकीलबाई, मी वाई तालुक्यात राहतो, निवृत्त शिक्षक आहे. घरामागे 30 गुंठे जागा आहे. आंबा, चिकू, थोडी भाजी. नांगरट, माती ओढणं, शेणखत टाकणं अशा कामांना माणूस मिळत नाही म्हणून दिवाळीत निफाडकडच्या एका बागायतदाराकडून 18 एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर 1,40,000 रुपयांना घेतला. 1,20,000 बँकेतून पाठवले, 20,000 नाव लागल्यावर द्यायचे ठरले. स्टॅम्पवर लिहून घेतलं आहे. ट्रॅक्टर गॅरेजला टाकला. क्लच, हायड्रॉलिक पंप आणि पुढचे टायर मिळून मिस्त्रीने 38,000 सांगितले होते, आता 61,000 मागतो आणि दिल्याशिवाय ट्रॅक्टर सोडत नाही. वर म्हणतो, इंजिनच दुसरं बसवू. दरम्यान कळलं की आरसी तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे आणि तिच्यावर बँकेचा बोजा आहे. वसुलीचा माणूस गॅरेजमध्ये येऊन ट्रॅक्टरचे फोटो काढून गेला. विकणारा फोन उचलत नाही. मूळ मालक म्हणतो, ‘सही देतो, पण बँकेचे 46,000 मिटवा.’ विकणाऱ्यावर 420 टाकू का? दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडून मिळेल का? ट्रॅक्टरचा विमाही संपलेला आहे. माझ्याकडे कारचा परवाना आहे, तो चालेल का? आणि भावाने वेल्डिंग करून दिलेली ट्रॉली जोडता येईल का?

उत्तर : सर, तुम्ही पाठवलेला कराराचा फोटो मोठा करून वाचला. पाचवी ओळ तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते : ‘सदर ट्रॅक्टरवर कोणत्याही बँकेचे अगर पतसंस्थेचे देणे नाही.’ खाली विकणाऱ्याची सही आहे. तुमच्या प्रकरणात सगळ्यात वजनदार काही असेल तर ही एक ओळ. मूळ कागद आजच प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा, दोन झेरॉक्स काढा.

माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 14 नुसार विकलेल्या वस्तूवर घेणाऱ्याला न सांगितलेला तिसऱ्याचा बोजा नाही, ही हमी विक्रीत गृहीतच असते. करारात एक अक्षर नसतं तरी ती लागू होते. मात्र बोजा घेणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर ही हमी चालत नाही. विकणाऱ्याचा वकील इथेच बोट ठेवील : ‘आरसीवर बोजा छापलेला होता, मास्तरांनी वाचला नाही.’ त्याला उत्तर तुमच्या हातात आहे, तीच पाचवी ओळ. शिवाय तुम्ही म्हणता की त्याने व्हॉट्सअॅपवर आरसीची एकच बाजू पाठवली होती. तो चॅट पुसू नका, फोन बदलला तर जुना फोनही टाकू नका.

आता नावडतं. ट्रॅक्टर परत देऊन सगळे पैसे मागण्याची वेळ बहुधा गेली. तुम्ही तो ताब्यात घेतला, उघडला, क्लच बदलला, म्हणजे माल स्वीकारला. आता हक्क आहे तो भरपाईचा. त्यातही क्लच झिजलेला निघाला, पंप तेल गाळत होता, याचा खर्च विकणाऱ्यावर टाकता येईल असं मला वाटत नाही. तो काही ट्रॅक्टरचा व्यापारी नाही. अशा खाजगी व्यवहारात मालाच्या दर्जाची हमी कायदा आपणहून देत नाही, पारखून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. बोजा मिटवायला जे जाईल ते मात्र त्याच्याकडून मागता येईल. तेव्हा हिशेब दोन वहीत ठेवा. दुरुस्ती तुमची, बोजा त्याचा.

म्हणून ते राहिलेले 20,000 कुणाच्याही गोड बोलण्याने देऊ नका. हमी मोडली तर भरपाई किमतीतून वळती करून घेता येते, माल विक्री अधिनियमाच्याच कलम 59 मध्ये तशी सोय आहे. 46,000 हा आकडा खरा निघाला तर विकणाऱ्याकडे निघतात 26,000. त्यासाठी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवू. फोन न उचलणारी माणसं नोटीस मिळाली की बऱ्याचदा स्वतः फोन करतात.

पण 46,000 हा आकडा तोंडी आहे. बँक तुम्हाला परका समजते, कर्जाचा करार तुमच्याशी नाही, त्यामुळे ती तुम्हाला सरळ माहिती देणार नाही. मूळ मालकाला सोबत घेऊन शाखेत जा, त्याच्या अर्जावर थकबाकीचा लेखी आकडा मागा, व्याजात काही सूट मिळते का विचारा. पैसे भरायचे ते थेट कर्जखात्यात. मूळ मालकाच्या हातात नाही, आणि फोटो काढून गेलेल्या त्या माणसाच्या हातात तर मुळीच नाही. भरण्याआधी मूळ मालकाकडून नाव बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. क्रम उलटा केलात तर बोजा उतरलेला ट्रॅक्टर त्याच्या नावावर आणि तुम्ही त्याच्या दारात. भरल्यावर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35. हा फॉर्म बोजा उतरवण्याचा, त्यावर बँकेची आणि नोंदणीकृत मालकाची, दोघांची सही लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे बोजा असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरसीवर नाव बदलतच नाही, त्यामुळे एजंटने ‘करून देतो साहेब’ म्हटलं तरी खिशात हात घालू नका. नंबर नाशिकचा एमएच-15 च राहतो, साताऱ्याच्या एमएच-11 चा हट्ट धरायचं कारण नाही.

मूळ मालक टाळाटाळ करायला लागला तर त्याला 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगा. तिथे गाडी हातोहात विकली गेली होती, नाव पहिल्याचंच राहिलं होतं, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने आरसीवर नाव असलेल्या त्या माणसावरच टाकली. विमा संपलेला तुमचा ट्रॅक्टर उद्या कुणाला धडकला तर दावा आधी त्याच्या दारी जाईल. हे ऐकल्यावर माणसं सही करायला स्वतःचा पेन काढतात, असा माझा अनुभव आहे.

420 बद्दल. तो आकडा तोंडात बसला असला तरी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणुकीचं कलम तिथे 318. पाचव्या ओळीमुळे तक्रार पोकळ नाही. तरी मी आज ती देणार नाही. गुन्हा नोंदला गेला तर ट्रॅक्टर मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकतो. पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभ्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. नवा पंप, नवे टायर घातलेला ट्रॅक्टर तिथे उभा करायचा आणि तो परत ताब्यात घ्यायच्या सुपूर्दनाम्यासाठी कोर्टात हेलपाटे घालायचे, हे परवडणारं नाही. आधी नोटीस.

मिस्त्रीकडे येऊ. त्याने ट्रॅक्टर अडवला याचा राग समजतो, पण केलेल्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्याला करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 ने दिला आहे. नुसतं ठेवून घेण्याचा. तो ट्रॅक्टर विकू शकत नाही. आणि हा हक्क ठरलेल्या कामापुरता, न विचारता वाढवलेल्या कामापुरता नाही. बिल तपशिलाने मागा : कोणता सुटा भाग, किती किमतीला, मजुरी किती. काढलेले जुने भागही मागा. जुनी क्लच प्लेट हातात घेतली की ती खरंच बदलण्याजोगी होती का, हे दुसरा मिस्त्री एका नजरेत सांगतो. वाढीव 23,000 पैकी जे पटेल ते मान्य करा. उरलेल्यावर तो अडून बसला तर बिलावरच ‘हरकत राखून दिले’ असं लिहून पैसे द्या आणि ट्रॅक्टर सोडवा. मग जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत 2 वर्षं, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. विकणाऱ्याविरुद्ध हा आयोग कामाचा नाही, मिस्त्रीविरुद्ध आहे, कारण त्याची सेवा तुम्ही पैसे देऊन घेतली आहे.

त्याला आजच एक ओळ लेखी पाठवा : माझ्या सहीशिवाय ट्रॅक्टर कुणाच्याही ताब्यात देऊ नये. वसुलीवाल्यांना दमदाटी करून गाडी ओढून नेता येत नाही, पण गॅरेजवाल्याने आपणहून चावी दिली तर दमदाटीची गरजच उरत नाही.

इंजिन बदलू देऊ नका. इंजिन नंबर आरसीवर असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा नंबर कुठल्या चोरीच्या गुन्ह्यात निघेल ते मिस्त्रीलाही माहीत नसतं. उलट आता गॅरेजमध्ये जालच तर डिझेलच्या फडक्याने चेसिस नंबरची पट्टी पुसा, कोरडी झाली की वर खडू घासा, आकडे पांढरे उठतील. आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. नाव लावताना याच नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. तिथे एक आकडा जरी वेगळा निघाला, तर बँकेत एक रुपयाही भरण्याआधी मला फोन करा.

विमा उतरेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा नाही. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर 2,000 रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठी भीती अपघाताची, ती भरपाई खिशातून जाते. फाटकाच्या आत, स्वतःच्या 30 गुंठ्यांत, जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क नाही, तिथे रोटाव्हेटर फिरवायला विमा सक्तीचा नाही. तुमचा कारचा परवाना या ट्रॅक्टरला पुरतो. भावाने वेल्डिंग करून दिलेल्या ट्रॉलीची मात्र कायद्याने वेगळी नोंदणी लागते आणि विम्यातही तिचा वेगळा उल्लेख हवा, तोवर ती गोठ्याशेजारीच राहू दे. आणि गॅरेजमधून ट्रॅक्टर घरी आणायचा तो टेम्पोत घालून.