मेपलची पानं जूनमध्येच पिवळी का?

प्रश्न : शिकागोजवळ नव्या घरासमोर तीन वर्षांपूर्वी 'ऑटम ब्लेझ' मेपल लावला. वाढला झपाट्याने, पण यंदा जूनमध्येच पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहयुक्त खताचा उपयोग झाला नाही. शिवाय वर दोन शेंडे फुटलेत. काय करावं?

उत्तर : लक्षणं मँगेनीजच्या कमतरतेची दिसतात. ऑटम ब्लेझ हा लाल आणि रुपेरी मेपलचा संकर. अशा संकरित मेपलना थोडी आम्ल माती मानवते. सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ७ च्या वर गेला की मातीत मँगेनीज असूनही मुळांना घेता येत नाही. नव्या घरांभोवती वरची काळी माती खरवडून नेलेली असते आणि खालच्या चिकणमातीत सिमेंटचा चुरा मिसळलेला असतो, त्यामुळे ही तक्रार तिथे हमखास येते. लोहाचा मारा थांबवा. त्याने मँगेनीज आणखी मागे पडतं.

आधी माती आणि पानं तपासून घ्या. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना भरपूर आहे आणि गंधक घालून सामू उतरवण्यात अर्थ नाही. मग झाडांच्या जाणकाराकडून खोडात मँगेनीजचं इंजेक्शन हाच उपाय उरतो. त्याचा परिणाम दोन-तीन वर्षं टिकतो, पण दर वेळी खोडाला भोकं पडतात. झाड लहान असताना ते बदलणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ठेवणार असाल तर दोन शेंड्यांचा निकाल आत्ताच लावा. अरुंद बेचक्यात साल आत दबत जाते, लाकूड एकजीव होत नाही आणि पुढे वादळात झाड तिथेच उभं चिरतं. ४०-५० फुटी झाडाची अर्धी बाजू छपरावर आली की खर्च कळतो! कमजोर शेंडा यंदा निम्म्यावर आणा, पुढच्या वर्षी बुडाशी काढा. बुडाचा फुगवटा मात्र शाबूत ठेवा आणि जखमेला रंग फासू नका. हिवाळा सरताना कापलंत तर रस गळेल. त्याने झाडाचं काही बिघडत नाही.

बुंधाही पाहा. तो मातीत सरळ खांबासारखा शिरत असेल तर झाड खोल लागलंय. मुळं फुटतात ती पसरट जागा दिसेपर्यंत माती काढा, बुंध्याला वेढणारी मुळं कापा. लाकडी भुशाचा थर दोन-तीन इंचांचाच द्या, बुंध्यापासून वीतभर लांब.

प्रश्न : हा मेपल पुण्यात लावता येईल का? लाल पानांची हौस आहे.

उत्तर : नाही. पानगळीचा रंग आणि वसंतातली फूट या दोन्हींसाठी त्याला खरी थंडी लागते; पुण्याची पुरत नाही. त्याऐवजी कुसुम लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची नवी पालवी लालभडक येते आणि ऐन उन्हाळ्यात दाट सावली मिळते. वाढ मात्र संथ आहे.