गरीची वजनं घरी ओतावीत का?

प्रश्न: शापोरा नदीत गरी (मासे पकडायचा गळ) टाकतो, खडकात अडकून शिशाची वजनं सारखी तुटतात. घरीच ओतायला शिकलो तर चालेल? (म्हापशाहून एक वाचक)

उत्तर: चालेल, पण रांधपाच्या खोलीत अजिबात नको, बाहेर उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, साध्या गॅसवरही होतं, म्हणून सोपं वाटतं. खरी भीती पाण्याची! आपल्याकडे पावसात सगळंच दमट, साचा जरा जरी ओला राहिला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं थेट तोंडावर उडतं, म्हणून साचा आधी तापवून सुकवाच, चष्मा, हातमोजे, बूट हवेतच. वर जमणारी राखाडी मळी अलगद काढा, तिची धूळ विषारी, पोरांना लांब ठेवा. बॅटरीतलं शिसं तर घेऊच नका. आणि शिसं वितळवलेलं भांडं परत जेवणाला वापरायचं नाही, कितीही घासलं तरी.