बेटावरची पहिली नोकरी

प्रश्न: दादा, मी नागपूरचा, प्रतापनगरात राहतो. सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) झालं, उड्डाणाचे 200 तास झाले, पण एअरलाइनवाले बोलवतच नाहीत. मालदीवमध्ये टुरिस्टांना बेटांवर नेणाऱ्या सीप्लेनवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर, पायलट म्हणून जायचं मनात आहे, आई म्हणते इतक्या दूर समुद्रात काहून जातं? काय करू?

उत्तर: आईची काळजी खरी आहे रे. तिला आधी सांग की तिथली सीप्लेन दिवसाउजेडीच उडतात आणि तिथल्या ट्विन ऑटर विमानाला दोन इंजिनं नि दोन पायलट असतात. पण नुसत्या सीपीएलवर भागत नाही, सीप्लेन रेटिंग, म्हणजे पाण्यावरचं विमान चालवायची परवानगी, वेगळं घ्यावं लागतं, लायसन्स तिथल्या नियमाने मान्य करून घ्यावं लागतं, तो खर्च आधी वहीत मांड. काम मात्र खूप शिकवणारं, पंधराएक प्रवासी, छोट्या फेऱ्या, आखलेला रनवे नाही त्यामुळे वारा नि लाटा स्वतः वाचायच्या, आणि सगळ्यात फसवं म्हणजे आरशासारखं शांत पाणी, उतरताना पाणी किती खाली आहे ते कळतच नाही. वारा नसताना पहाटे फुटाळा तलावावर जाऊन बघ, मी काय म्हणतोय ते कळेल. मला विचारशील तर जा, पण ट्रेनिंगचा बाँड (तोवर नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, राहणं-जेवण कोणाकडे, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नकोस.