मेन स्विच अधूनमधून आपोआप ट्रिप होतो, वायरमन आला की सगळं ठीक. दोष कसा शोधायचा?

आधी नेमकं काय पडतंय ते बघा. एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पडत असेल तर ओव्हरलोड किंवा शॉर्ट. ‘टेस्ट’ बटण असलेला आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर कुठेतरी करंट अर्थिंगकडे गळतोय. घरातला आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपिअरचा असतो, त्यामुळे अगदी थोडी गळतीही पुरते.

तपासताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. साधं बटण फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. एखाद्या उपकरणात न्यूट्रल अर्थला चिकटला असेल तर ते बंद असतानाही ट्रिप होतं, तेही दुसऱ्याच खोलीत इस्त्री लावल्यावर! मग बिचारी इस्त्री बदनाम.

माझा पहिला संशय गीझरवर. एलिमेंट खराब होत आलं की तापल्यावरच गळती वाढते. दुसरा फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर: त्याचा डीफ्रॉस्ट हीटर काही तासांनी आपोआप चालू होतो, म्हणून मध्यरात्री ‘विनाकारण’ ट्रिप. पावसातच होत असेल तर गच्चीवरचा दिवा, पाण्याचा पंप.

एकेक प्लग एक-दोन दिवस काढून ठेवा, वेळ लिहून ठेवा. सगळं काढूनही पडलं तर वायरिंग मेगरने (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासून घ्या. आरसीसीबी बायपास मात्र कुणालाही करू देऊ नका.