नाशिकमध्ये एक्स्टेंडेड टमी टकचा खर्च किती येतो? दोन डॉक्टरांच्या कोटेशनमध्ये लाखाचा फरक का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन बाळंतपणं झाली, त्यानंतर २८ किलो वजन उतरवलं आणि आता पोटासोबत कमरेच्या दोन्ही बाजूंची कातडीही लोंबते. एका डॉक्टरांनी टमी टकचे १,६०,००० सांगितले, दुसऱ्यांनी ‘एक्स्टेंडेड’ म्हणून २,६०,०००. मी नाशिकमध्येच एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम करते. अशी बिलं माझ्या हाताखालून जातात, म्हणून पैशांची बाजू सांगते. ऑपरेशन करावं की नाही, हे तुमचे सर्जनच सांगतील.

दोन्ही आकडे रास्त असू शकतात, कारण ती दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. साध्या टमी टकमध्ये काप ओटीपोटावर, साधारण एका खुब्याच्या हाडापासून दुसऱ्या खुब्याच्या हाडापर्यंत असतो. पोटाची सैल कातडी काढतात, बाळंतपणात फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, बेंबी नव्या जागी बसवतात. एक्स्टेंडेडमध्ये तोच काप दोन्ही बाजूंनी पाठीकडे वळतो आणि कमरेवरची कातडीही निघते. म्हणजे जास्त टाके, ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) जास्त वेळ, भूलही जास्त वेळ. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी, तिघांचे पैसे त्या वेळावर चढतात. जखम लांब, म्हणून आत पाणी साठणं किंवा टाक्याची जागा उशिरा भरणं यांची शक्यताही वाढते, आणि ड्रेसिंगच्या चकरा त्यातूनच लागतात.

म्हणून आधी हे ठरवा की तुम्हाला एक्स्टेंडेड खरंच लागतं का. कमरेच्या बाजूला चरबी जास्त आणि कातडी घट्ट असेल, तर साध्या टमी टकसोबत त्या जागेचं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) पुरतं, असं सर्जन सांगू शकतात. पण एवढं वजन उतरल्यावर चिमटीत नुसती कातडीच येत असेल, तर लायपोने ती आणखी सैल दिसते. अशा वेळी लाख रुपये वाचवून पोट सपाट आणि बाजूला घडी तशीच, असं होतं, आणि ती काढायला पुन्हा ओटीचा खर्च. ज्यांनी स्वस्त भाव दिलाय त्यांना सरळ विचारा: “डॉक्टर, या बाजूच्या कातडीचं काय होणार?”

आता कोटेशनचा कागद. आमच्याकडे लोक वरचा मोठा आकडा बघतात आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवतात. तुम्ही शेवटची ओळ वाचा. तिथे बारीक अक्षरात ‘औषधे व कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायचं सामान) प्रत्यक्ष वापरानुसार’ असं असलं, तर तो आकडा पॅकेज नाही, नुसता अंदाज आहे. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून लागणारी इंजेक्शनं आणि मोजे, ड्रेन (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी), पोटाचा कॉम्प्रेशन बेल्ट (बदलायला दुसरा लागतोच), एखादी रात्र जास्त राहावं लागलं तर रूमचं भाडं: यातलं काय आत आणि काय बाहेर, ते लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करतील, तिथे मी स्वतः डिपॉझिट भरणार नाही.

सगळ्यात जास्त वाद आमच्या काउंटरवर जीएसटीवरून होतात. दवाखान्याच्या बिलावर कर नसतो अशी सवय असते, पण फक्त दिसण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के लागतो. जन्मजात दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायची प्लास्टिक सर्जरी त्यातून सुटते. तुमचे २,६०,००० कर धरून नसतील, तर ४६,८०० वर चढून ३,०६,८०० होतात. तेव्हा दोन्ही कोटेशन ‘करासहित’ करून घ्या, मगच तुलना करा.

मेडिक्लेमबद्दलही विचारलंय. नुसत्या टमी टकला तो मिळत नाही, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीतून वगळलेली असते. मात्र बेंबीचा हर्निया खरोखर असेल आणि सोनोग्राफीत दिसत असेल, तर हर्नियाच्या भागाचा वेगळा क्लेम मागता येतो. त्यासाठी अ‍ॅडमिट होण्याआधी टीपीए डेस्ककडून (हॉस्पिटलमधला विम्याचे क्लेम बघणारा काउंटर) प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, घ्या. सगळं बिल हर्नियाच्या नावावर दाखवतो असं कुणी म्हणालं, तर कृपा करून तयार होऊ नका. ओटी नोट्स (ऑपरेशनची लेखी नोंद) मागवल्या की ते उघडं पडतं आणि क्लेमच नाही, पॉलिसीही जाऊ शकते.

मुंबईत स्वस्त मिळतंय म्हणून जायचा विचार असेल, तर परतीचा प्रवासही हिशेबात धरा. सुरुवातीचे दिवस कमरेत वाकून चालावं लागतं, ड्रेनची बाटली सोबत असते, आणि त्या अवस्थेत कसारा घाट चढून यायचं, मग ड्रेन काढायला आणि टाके दाखवायला पुन्हा जायचं. तासन्‌तास एका जागी बसणं पायातल्या गाठींच्या दृष्टीनेही बरं नाही. गंगापूर रोडच्या दवाखान्यात रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचता येणं, याची किंमत कोटेशनवर दिसत नाही.

घरचा खर्चही आहेच. साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याचा हंडाही नाही आणि धाकट्याला कडेवरही नाही. सासूबाई किंवा आई येणार नसतील, तर कामवाल्या ताईंचे जादा पैसे आणि बिनपगारी रजा आत्ताच मांडा.

पैसे भरण्याआधी सर्जनची पदवी विचारा: प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. चांगले सर्जन यावर रागावत नाहीत. वजन निदान सहा महिने स्थिर आहे का आणि पुढे मूल हवंय का, हे ते स्वतःच विचारतील. न विचारताच तारीख देत असतील, तर दुसरीकडे दाखवा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: कापाच्या टोकाला कातडीचा उंचवटा राहिला आणि तो नंतर दुरुस्त करावा लागला, तर सर्जनची फी आणि ओटीचे पैसे कोण भरणार? उत्तर कोटेशनच्याच कागदावर, सहीसह घ्या.