दुष्काळातला बाप्तिस्मा

प्रश्न : आमचं घराणं मूळचं राहुरी भागातलं, महार. १८७६–७८च्या दुष्काळानंतर खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. कॉलेजात मुलं म्हणतात, ‘तुम्ही भाकरीसाठी धर्म सोडलात.’ यावर काय बोलावं? शिवाय माझ्या बौद्ध मित्राला एससीचा दाखला मिळतो, मला ओबीसीचा. असं का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : भाकरीची गोष्ट नाकारायच्या फंदात पडू नका. दुष्काळ पडला होता, मिशनऱ्यांनी धान्य दिलं होतं. लेकरं उपाशी मरत असताना जो पदरात दाणे घालतो त्याच्याकडे माणूस वळणारच. लाज वाटायचीच असेल तर ती महारवाड्याला आपल्या विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या गावाला वाटू दे.

पण दुष्काळ सरला तेव्हा धान्यही थांबलं. काही कुटुंबं परत फिरली, पुष्कळशी टिकली. ती शाळेपायी टिकली, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ सालीच आलं होतं, म्हणजे त्या दुष्काळाच्या कितीतरी आधी. या मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुले स्वतः पाहून आले होते. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापला तो मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानं.

माझी आजी नेवासे तालुक्यात बायबल-बाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी मिशनची बाई. पाटलाच्या वाड्यावरून तिला बोलावणं यायचं, मुंबईच्या मुलाचं पत्र वाचायला. पत्र हातात देत नसत. ओट्यावरून खाली टाकत, ती उचलून अंगणात उभ्यानं वाचून दाखवी. विटाळ तसाच होता, पण वाड्यावरच्या कुणाला वाचता येत नव्हतं आणि हिला येत होतं. तिच्या दोन्ही मुली पुढे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या. आमच्या घरातला पहिला पगार त्यांनी आणला, पुरुषांनी नव्हे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या इतिहासात बायका फार कमी दिसतात.

सगळं गोड नव्हतं. मास्तर, पाळक (चर्चचा धर्मगुरू), नर्स एवढ्याच वाटा, त्याही मिशनच्या मर्जीवर. आणि जात चर्चच्या दारात गळून पडली नाही. आमच्यातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती अशी सोयरीक आजही सहज जुळत नाही. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सुनावलं होतं, की शिकून पुढे गेलेले ख्रिस्ती सामाजिक अन्यायाविरुद्ध उभे राहत नाहीत. ते मला पटतं.

आता दाखला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही त्यामुळे हुकतं. गावात शिवी द्यायला जात लागते तेव्हा धर्म कुणी विचारत नाही. मग संरक्षण देताना तो का विचारावा? हा मला उघड अन्याय वाटतो. केंद्रानं २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला.

हा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, तोवर हातातलं काम करा. ओबीसीच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा, चर्चच्या नोंदवहीतली बाप्तिस्म्याची नोंद मागा. आडनाव दोन ठिकाणी वेगळं लिहिलेलं असेल, तर ते आधी पाळकांना दाखवा आणि मगच अर्ज भरा.